हरलो, पण कोणाकडून?

हॉलिवूडच्या अकादमीने २०२५ साली एक नवा नियम केला. ऑस्करच्या एखाद्या विभागात जे चित्रपट अखेरच्या फेरीत आले असतील, ते सगळेच्या सगळे पाहिल्याखेरीज सभासदाला त्या विभागात मत देता यायचे नाही. ही बातमी वाचून आमच्या स्टाफरूममध्ये मोठा हशा पिकला. म्हणजे इतकी वर्षे ही मंडळी न पाहताच कौल देत होती की काय! आमच्यात उत्तरपत्रिका न वाचता गुण देणारा परीक्षक क्वचित एखादा निघतो, आणि निघाला की त्याची गाठ विद्यापीठाशी असते. (परकीय भाषांच्या विभागात अशी सक्ती पूर्वीही बरीच वर्षे होती, हे त्यांच्या बाजूने सांगितले पाहिजे.)

मत देणाऱ्यांना ही अट झाली. पण हळहळणाऱ्यांना अट कोण घालणार? २००२ च्या मार्चमध्ये ‘लगान’ला ऑस्कर मिळाले नाही, तेव्हा आपल्याकडे घरोघर सुतक पाळले गेले. कोणी म्हणाले, गोऱ्यांना गोऱ्यांचा पराभव कसा सोसवेल? कोणी म्हणाले, अमेरिकेला क्रिकेटमधले काय कळते? कोणी चित्रपटाच्या लांबीला दोष दिला, कोणी नशिबाला. परंतु ज्या चित्रपटाने आपल्याला हरवले त्याचे नाव विचारले असते, तर दहांतल्या नऊ जणांनी डोके खाजवले असते, आणि दहाव्याला नाव आले असते तरी त्याने तो चित्रपट पाहिलेला नसता. क्रिकेटचा सामना हरल्यावर आपण असे करीत नाही. समोरच्याने कोणता चेंडू कसा वळवला आणि आपला फलंदाज पाय न काढता कसा खेळला, याचा पंचनामा आठवडाभर चालतो. चित्रपटाच्या बाबतीत मात्र नुसती हळहळ.

हे सदर वाचणाऱ्यांना ठाऊक आहेच की मी चित्रपटांची जाणकार नव्हे. कॉलेजात मराठी शिकवते, त्यातही संतवाङ्मय. कॅमेरा कुठे ठेवला होता हे मला कोणी सांगितल्याशिवाय कळत नाही. तिकीट काढून किंवा अलीकडे घरात बसून चित्रपट पाहावा, रडू आले तर रडावे, आणि जेवताना त्यावर बोलावे, एवढाच माझा अधिकार. एरवी दर आठवड्याला मला इथे दीड स्तंभाची जागा मिळते. दिवाळी अंकासाठी संपादकांनी हात सैल सोडला आहे, म्हणून उन्हाळ्याच्या सुट्टीत केलेला एक उद्योग सविस्तर सांगते. परकीय भाषांच्या विभागात अखेरच्या पाचांत पोचलेले आपले पहिले तीन चित्रपट म्हणजे १९५७ चा ‘मदर इंडिया’, १९८८ चा ‘सलाम बॉम्बे’ आणि २००१ चा ‘लगान’. हे तीन, आणि त्या त्या वर्षी ज्यांनी त्यांना हरवले ते तीन, असे सहा चित्रपट मी जोडीजोडीने पाहिले. पंचांच्या जागी मी आणि माझ्या सासूबाई. सवड असेल तेव्हा हे. चिरंजिवांचे सहकार्य यंत्र लावून देण्यापुरते.

‘मदर इंडिया’ आमच्या सासूबाईंना पाठ आहे. सोलापुरात लहानपणी त्यांनी तो मोठ्या बहिणींबरोबर पाहिला, आणि पुढे दूरदर्शनवर लागला की घरातली कामे बाजूला राहत. मीही तो चार-पाच वेळा पाहिला असेल. या वेळी मुद्दाम हातात वही घेऊन पाहिला. मेहबूब खानांनी १९४० साली ‘औरत’ काढला होता; तीच कथा त्यांनी सतरा वर्षांनी रंगांत पुन्हा सांगितली, आणि सावकार सुखीलालाच्या भूमिकेत पुन्हा कन्हैयालालच घेतला. शहाणपणाचा निर्णय! तो सावकार आरडाओरडा करीत नाही, छत्री सांभाळीत येतो आणि गोड बोलून गळा कापतो. राधेच्या लग्नासाठी सासूने पाचशे रुपये काढले आणि तीन चतुर्थांश पीक नुसत्या व्याजापोटी जाऊ लागले, हा हिशेब ज्या शांतपणे पंचांपुढे मांडला जातो तो पाहून आजही अंगावर काटा येतो. खडकाळ जमीन मोकळी करताना धोंड्याखाली नवऱ्याचे दोन्ही हात जातात. बायकोच्या हातून घास घ्यावा लागतो म्हणून तो एका रात्री निघून जातो. तो जातो तेव्हा राधा झोपलेली असते. इथवरचा चित्रपट, माझे स्पष्ट मत, जगातल्या कोणत्याही चित्रपटाच्या शेजारी बसवावा.

नर्गिस तेव्हा अठ्ठावीस वर्षांची होती. तिचा मुलगा बिरजू झालेला सुनील दत्तही तिच्याच वयाचा, १९२९ सालचाच जन्म. तरी उत्तरार्धात ती आई वाटते आणि तो मुलगा वाटतो, ही अभिनयाची किमया. त्या कामाबद्दल १९५८ साली कार्लोव्ही व्हारीच्या महोत्सवात तिला अभिनेत्रीचे पारितोषिक मिळाले, ते योग्यच झाले. पण उत्तरार्धात राधा हळूहळू बाई राहत नाही; तिची देवी होत जाते. पिकाच्या गाण्यात गावकरी उभे राहून शेतात भारताचा नकाशा काढतात, तेव्हा आपण मखर बघतो आहोत असे वाटू लागते. शेवटी ती सावकाराच्या मुलीला पळवणाऱ्या आपल्याच मुलावर गोळी झाडते. प्रसंग जबरदस्त आहे. परंतु गोळी सुटण्यापूर्वीच आपल्याला ठाऊक असते की ती झाडणारच, कारण देवीला दुसरे काही करताच यायचे नाही.

ऑस्कर तेव्हा एका मताने हुकले, असे आपल्याकडे साठ वर्षे सांगितले जाते. अकादमी मतांचे आकडे जाहीर करीत नाही. तेव्हा ते एक मत कोणी मोजले, देव जाणे. पारितोषिक गेले इटलीच्या ‘नाइट्स ऑफ कॅबिरिया’ला. दिग्दर्शक फेडेरिको फेलिनी, नायिका त्याचीच पत्नी जुलिएता मासिना. या विभागाची रीतसर स्पर्धा १९५६ च्या चित्रपटांपासून सुरू झाली, आणि तेव्हाही पहिला मान याच जोडप्याच्या ‘ला स्त्रादा’ला मिळाला होता. म्हणजे आपण अगदीच नवख्याकडून हरलो नाही.

कॅबिरिया ही रोम शहराच्या कडेला राहणारी वेश्या. हे कळल्यावर सासूबाई उठून जातील अशी मला धास्ती होती. चित्रपट इटालियन, खाली अक्षरे इंग्रजीत. तेव्हा मी शेजारी बसून धावते समालोचन करीत होते. पहिल्याच प्रसंगात तिचा प्रियकर तिची पर्स हिसकावून तिला नदीत ढकलतो. पोरे तिला बाहेर काढतात, ती शुद्धीवर येते आणि आभार मानायचे सोडून सगळ्यांवर तणतणते. सासूबाई हसल्या. मग एक मोठा नट प्रेयसीशी भांडून रागाच्या भरात हिला घरी नेतो. तेवढ्यात प्रेयसी परत येते आणि हिला अख्खी रात्र न्हाणीघरात काढावी लागते. जत्रेला जाऊन ती देवीपुढे रडते, माझे आयुष्य बदल म्हणते. जत्रा संपते, लोक गवतावर बसून खातात-पितात, आणि हिच्या लक्षात येते की कोणाचेच काही बदललेले नाही. पंढरपूरची वारी डोळ्यांपुढे ठेवून मी तो प्रसंग समजावून सांगू लागले, तशा सासूबाई म्हणाल्या, “तू गप्प बस गं जरा. कळतंय मला.”

पुढे एका खेळात जादूगार तिला संमोहित करतो आणि एक काल्पनिक प्रियकर तिच्यासमोर उभा करतो. त्याचे नाव, वाचकहो, ऑस्कर! खेळ संपल्यावर बाहेर एक सभ्य गृहस्थ भेटतो, आणि सांगतो की योगायोगाने माझेही नाव ऑस्करच. त्याच्या भरवशावर ती स्वतःच्या मालकीचे घर विकते. (तिचे ते चार भिंतींचे घर तिला किती अभिमानाचे आहे, हे आधी नीट दाखवले आहे, आपल्याकडे चाळीतून स्वतःच्या दोन खोल्यांत गेलेल्या बायकांना ते कळेल.) सारी पुंजी पर्समध्ये घालून ती त्याच्याबरोबर जाते, आणि डोंगराच्या कड्यावर तिला उमगते की हाही पर्ससाठीच आला आहे. ती त्याला सांगते, मार मला, मला जगायचे नाही. त्याच्याने तेही होत नाही. पर्स उचलून तो पळतो. आणि मग ती उठते. संध्याकाळच्या रस्त्याने चालू लागते. काही तरुण मुले-मुली वाद्ये वाजवीत तिच्या भोवतीने जातात, कोणीतरी तिला नमस्कार करते, आणि डोळ्यांतले पाणी न पुसता ती थोडीशी हसते. एवढेच.

चित्रपट संपल्यावर सासूबाई बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “राधेला गाव तरी होतं. हिला कोण आहे?”

मी जे चार पाने टिपणे काढून मांडणार होते ते त्यांनी एका वाक्यात मांडले. राधेचे दुःख मोठे, पण ते वाहायला धर्म आहे, गावाची अब्रू आहे, अखेर कालव्याचे उद्घाटन करायला बोलावणारे लोक आहेत. कॅबिरियाला यांतले काही नाही, आणि तरी ती उठून चालते. माझे मत द्यायचे झाले, तर १९५७ चे पारितोषिक मी कॅबिरियाला देईन. मन थोडे जड होईल, पण देईन.

आता दुसरी जोडी. १९८८ साली कान महोत्सवात सर्वोच्च मान, सुवर्ण पाम, मिळाला बिले आउगुस्ट या डॅनिश दिग्दर्शकाच्या ‘पेले द कॉन्करर’ला, आणि पहिल्याच कथाचित्रासाठी दिला जाणारा कॅमेरा द’ऑर मिळाला मीरा नायर यांच्या ‘सलाम बॉम्बे’ला. १९८९ च्या मार्चमध्ये हेच दोन चित्रपट ऑस्करला पुन्हा समोरासमोर आले, आणि पारितोषिक पुन्हा पेलेलाच मिळाले. नवल असे की दोन्ही गोष्टी जवळजवळ एकच आहेत. दोन्हींत घरापासून तुटलेला, परमुलखात पोट भरणारा एक मुलगा.

पेले आपल्या म्हाताऱ्या बापाबरोबर स्वीडनहून बोटीने डेन्मार्कला येतो. काळ एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचा. डेन्मार्कमध्ये मुलांनी नुसते खेळायचे असते, असे बापाने त्याला सांगितलेले. प्रत्यक्षात धक्क्यावर मजूर निवडले जातात तेव्हा म्हाताऱ्याकडे कोणी ढुंकून पाहत नाही, आणि जी नोकरी अखेर मिळते ती गुरांच्या गोठ्यात. बापाचे काम माक्स फॉन सीडोव्ह याने केले आहे. मुलाला मारणाऱ्याचा मी समाचार घेतो म्हणून हा बाप आस्तीन सावरीत जातो, आणि मालकाच्या माणसासमोर उभे राहताच त्याचा आवाज बसतो. मुलगा ते बघत असतो. इतका लाजिरवाणा आणि इतका खरा प्रसंग मी क्वचित पाहिला आहे. रविवारी सकाळी अंथरुणात कोणीतरी कॉफी आणून द्यावी, एवढीच त्या बापाची महत्त्वाकांक्षा! या कामासाठी सीडोव्हला अभिनेत्याच्या विभागातही नामांकन होते. मात्र चित्रपट अडीच तास चालतो, आणि दर पंधरा मिनिटांनी एक दुःख पाळी लावल्यासारखे येते. एकाची फसगत झाली, एकाच्या डोक्याला इजा झाली, आता कोणाची पाळी, असे मी मोजू लागले. मोजता आले की रडू थांबते.

‘सलाम बॉम्बे’मध्ये मोजायला वेळच मिळत नाही. सर्कशीतल्या पोराला मालक पानमसाला आणायला पाठवतो. तो परत येतो तर सर्कस तंबूसकट निघून गेलेली. हातातल्या पैशांचे तो जवळच्या मोठ्या शहराचे तिकीट मागतो, आणि मुंबईत उतरतो. इथे त्याचे नाव जाते; तो ‘चायपाव’ होतो. भावाची दुचाकी जाळल्याचे पाचशे रुपये जमवले की आईकडे परत जायचे, एवढा एक हिशेब त्याच्या डोक्यात पक्का. आईला पत्र लिहवून घ्यायला तो पत्रलेखकाकडे जातो. तो लेखनिक म्हणजे अगदी कोवळा इरफान खान, पडद्यावर पहिल्यांदाच आलेला. नाना पाटेकरांचा बाबा हा दलाल आपल्या मुलीशी लाडाने खेळतो, आणि त्या लाडाचीच भीती वाटते.

आमच्या ह्यांचे बालपण गिरगावात गेले. हा चित्रपट मात्र त्यांनी कधी पाहिला नव्हता. मुंबईची घाण गोऱ्यांना दाखवून बक्षिसे मिळवायची, असे तेव्हा वडीलधाऱ्यांकडून ऐकलेले. या खेपेला ते अर्धा तास म्हणून बसले आणि शेवटपर्यंत उठले नाहीत. नंतर एवढेच म्हणाले, “ग्रँट रोडच्या पुलावरून मी रोज शाळेत जायचो. ही पोरं तिथंच होती.”

घाण दाखवली या आरोपाला माझे उत्तर साधे आहे. डेन्मार्कने जो चित्रपट पाठवला त्यातही डॅनिश जमीनदाराचा गोठा आहे, चाबूक आहे, फसवलेल्या मुली आहेत. तो त्यांनी स्वतः होऊन आपल्या देशाच्या नावाने पाठवला. आपणही ‘सलाम बॉम्बे’ पाठवला, हे आपल्या खाती जमा धरले पाहिजे. शिवाय त्या पोरांकडे नीट पाहा. मीरा नायर यांनी रस्त्यावरच्याच मुलांची कार्यशाळा घेऊन त्यांतून बहुतेक पात्रे निवडली. ती पोरे कुठेही आपल्याकडे दया मागत नाहीत. लग्नात वाढप्याचे काम करतात, सिनेमाला जातात, एकमेकांना फसवतात आणि सांभाळतात. अखेर गणपतीच्या मिरवणुकीच्या लोंढ्यात कृष्णाचा हात सुटतो, आणि तो एका पायरीवर बसून खिशातला भोवरा काढतो. तो मुलगा पुढे कुठे गेला, हे चित्रपट सांगत नाही. खऱ्या शफीक सय्यदचे मात्र ठाऊक आहे: राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, आणि पुढे बंगळूरात तो रिक्षा चालवीत होता. चित्रपटाच्या निमित्ताने रस्त्यावरच्या मुलांसाठी सलाम बालक ट्रस्ट निघाला, तो काही थोडा नव्हे. पण शफीकची गोष्टही विसरता येत नाही.

या जोडीत माझे मत ‘सलाम बॉम्बे’ला, आणि त्यात देशाभिमानाचा अंश नाही. बापाच्या कामाबद्दल सीडोव्हला त्या वर्षी हवी तेवढी पारितोषिके द्यावीत. चित्रपट मात्र आपला सरस होता.

इथे एक मजेची गोष्ट ध्यानात आली. राधेचे पाचशे रुपये, कृष्णाचे पाचशे रुपये, आणि तिसऱ्या चित्रपटाचे तर नावच ‘लगान’! तिन्ही चित्रपट देण्याबद्दलचे. राधेचे देणे पिढ्यान् पिढ्या फिटत नाही, कृष्णाचे जमवलेले पैसे चोरीला जातात, आणि चांपानेरच्या गावकऱ्यांवरचा सारा दुपटीचा तिप्पट व्हायची वेळ येते. आपल्या प्रेक्षकाला हे कोणी समजावून सांगावे लागत नाही. सावकार, सारा, हप्ता हे शब्द ऐकले की तो सावरून बसतो.

‘लगान’बद्दल मी काय नवीन सांगणार? आशुतोष गोवारीकरांनी १८९३ सालचे दुष्काळी गाव उभे केले, भूजजवळच्या कुनरियापाशी. त्यासाठी नितीन देसाई यांनी केलेले कलादिग्दर्शन असे, की ती घरे पाहून लाकडाचा वास यावा. चित्रण २००० साली झाले, आणि पुढच्याच जानेवारीत भूकंपाने तो मुलूख उद्ध्वस्त झाला. म्हणून आता त्या रिकाम्या माळाकडे पाहतानाही काही वेगळे वाटते. तीन तास चव्वेचाळीस मिनिटे! तरीही आमच्या घरात कोणी हलले नाही. चिरंजीव, जे यंत्र लावून पळ काढतात, ते शेवटच्या षटकाला दारात उभे राहून नखे खात होते. निकाल तोंडपाठ असताना. एक खटकले ते सांगते. ज्याला गाव शिवत नाही त्या कचऱ्याला भुवन संघात घेतो आणि त्यावर तडफदार बोलतो. पण कचऱ्याला स्वतःला बोलायला चित्रपट जवळजवळ काहीच देत नाही. त्याचा अधू हात बोलतो, तो मुका. पावणेचार तासांत त्याच्या वाट्याला दोन मिनिटे यायला हरकत नव्हती.

मग ‘नो मॅन्स लँड’. बोस्नियाचा, डॅनिस तानोविचने केलेला, जेमतेम दीड तासाचा. हा तरुण त्या युद्धात स्वतः कॅमेरा घेऊन आघाडीवर हिंडलेला. साल १९९३. दोन सैन्यांच्या मधल्या एका खंदकात एक बोस्नियाक शिपाई आणि एक सर्ब शिपाई अडकतात. तिसरा, त्सेरा, मेला असे समजून सर्बांनी त्याच्या पाठीखाली सुरुंग पेरून ठेवलेला. तो शुद्धीवर येतो. हलला तर तिघेही उडणार. युद्ध कोणी सुरू केले यावर दोघे भांडतात, आणि ज्याच्या हातात बंदूक असते तो दुसऱ्याकडून “आम्ही” असे वदवून घेतो. बंदूक हात बदलते, तसे उत्तर बदलते. मध्येच कळते की दोघांच्या ओळखीची एकच मुलगी आहे, बान्या लूकाची. आणि दोन मिनिटे ते दोघे कॉलेजच्या कट्ट्यावर बसल्यासारखे बोलतात. सासूबाई इथे खुदकन हसल्या. संयुक्त राष्ट्रांची पांढरी गाडी येते, दूरचित्रवाणीची बाई येते, साहेब हेलिकॉप्टरमधून उतरतात. शेवटी खंदकातले ते दोघे गोळ्यांना बळी पडतात, सुरुंग काढता येण्यासारखा नाही हे कळते, जखमीला वाचवल्याचा देखावा करून सारे निघून जातात, आणि अंधार पडत असताना त्सेरा तसाच सुरुंगावर पडून राहतो.

‘लगान’मध्ये अखेर पाऊस पडतो. दुष्काळ, सारा, इंग्रज, सगळे त्या पावसात वाहून जाते, आणि आपण तृप्त होऊन जेवायला बसतो. त्या रात्री ‘नो मॅन्स लँड’ पाहून आमच्याकडे कोणाला फारसे जेवण गेले नाही. उद्या पाहुणे आले आणि कोणता चित्रपट लावू म्हणाले, तर मी ‘लगान’ लावीन. पुढच्या दिवाळीतही लावीन. पण अकादमीच्या सभासदांना पाहुण्यांसाठी काय लावाल असे कोणी विचारले नव्हते. दोन्ही पाहून पारितोषिक कोणाला, असे विचारले होते, आणि त्याला त्यांनी दिलेले उत्तर मला बरोबर वाटते. आपण ज्याच्याकडून हरलो, तो त्या मानाचा होता.

मराठीचा विषय निघणारच, म्हणून तेही सांगून टाकते. २००४ साली संदीप सावंत यांचा ‘श्वास’ भारतातर्फे ऑस्करला गेला, आणि गल्लोगल्ली ‘ऑस्कर नामांकित मराठी चित्रपट’ असे फलक लागले. शब्दांची शिक्षिका म्हणून हे मला तेव्हाही टोचले होते. प्रत्येक देश एकच चित्रपट पाठवतो. आपल्याकडे तो फिल्म फेडरेशन ऑफ इंडिया निवडते. त्या सगळ्यांतून जे पाच निघतात त्यांनाच नामांकन म्हणतात. स्थळ सांगून गेले म्हणजे लग्न ठरले असे नव्हे. ‘श्वास’ पाचांत आला नाही. पण ‘श्यामची आई’नंतर पन्नास वर्षांनी मराठीला राष्ट्रपतींचे सुवर्णपदक त्याने आणले होते, आणि अमेरिकेत त्याचा प्रचार करायला पैसे नाहीत असे कळल्यावर साध्यासाध्या लोकांनी वर्गण्या काढल्या होत्या. पुन्हा देणे-घेणेच! पण हे देणे आपण होऊन दिलेले.

त्या वर्षी पारितोषिक मिळाले स्पेनच्या ‘द सी इनसाइड’ला. अपघाताने जवळजवळ तीस वर्षे अंथरुणाला खिळलेला, आणि कायद्याकडे मरणाचा हक्क मागणारा माणूस. काम हावियेर बार्देमचे. तिथे वाद नाही. मात्र पाचांत जो फ्रेंच ‘द कोरस’ होता, त्याच्या जागी ‘श्वास’ बसला असता. ‘द कोरस’मध्ये एक गरीब संगीतशिक्षक द्वाड मुलांच्या शाळेत येतो, त्यांना गायला शिकवतो आणि वर्गच्या वर्ग सुधारतो. चित्रपट गोड आहे, गाणी तर फारच. परंतु मी स्वतः वीस वर्षे वर्गावर जाते, तेव्हा अधिकाराने सांगते: असे होत नाही. ‘श्वास’मधला आजोबा कोणालाही सुधारत नाही. नातवाचे डोळे काढल्याखेरीज जीव वाचणार नाही, हे कळल्यावर तो शस्त्रक्रियेपूर्वी त्याला गुपचूप इस्पितळाबाहेर नेतो आणि शहर दाखवतो, कारण उद्यापासून दिसणार नाही. डॉक्टर रागावतात, आणि त्यांचे रागावणेही खरे असते. अरुण नलावडे यांच्या चेहऱ्यावर त्या वेळी जे दिसते, त्याला भाषांतर लागले नसते.

दिवाळीच्या सुट्टीत या जोड्या लावून पाहायच्या असतील, तर एक-दोन सूचना. ‘नो मॅन्स लँड’ फराळाच्या ताटाबरोबर लावू नये. ‘लगान’ लवकर सुरू करावा, नाहीतर उकडीचे पाणी आटते. ‘कॅबिरिया’ लहान मुले झोपल्यावर. ज्येष्ठ मंडळींना मात्र जागे ठेवावे, आणि शेजारी बसून समजावून सांगत बसू नये. ती ओरडतात.